जुन्या मोटारीचे दिवे आणि वाटेत हरवणारे व्होल्ट

मोटार दहा-पंधरा वर्षांची झाली की तिच्या दिव्यांच्या तक्रारी सुरू होतात, आणि त्या बहुधा एकाच क्रमाने हाताळल्या जातात. प्रथम बल्ब बदलला जातो, त्याने भागले नाही तर वायरमन एक नवी वायर ओढून देतो, आणि तीही सहा महिन्यांत दगा देऊ लागली की ‘गाडी जुनी झाली’ असे म्हणून विषय मिटवला जातो. वास्तविक जुन्या गाडीतील दिव्यांच्या बिघाडांपैकी फारच थोडे बल्बात असतात. वीज जिथे एका धातूवरून दुसऱ्या धातूवर जाते त्या जोडांत, म्हणजे फ्यूजच्या टोकांशी, स्विचच्या आत, कपलरमध्ये, होल्डरमध्ये आणि विशेषतः सांगाड्याला जोडलेल्या ‘अर्थ’च्या बोल्टखाली ते दडलेले असतात. हे जोड डोळ्यांना शाबूत दिसतात, त्यामुळे पाहून किंवा अंदाजाने त्यांचा छडा लागत नाही, मात्र शे-दोनशे रुपयांच्या मल्टिमीटरने तो थोड्या वेळात लागू शकतो.

छत्रपती संभाजीनगरात या विषयाला आज विशेष निमित्त आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये या शहरातील उद्योजक, व्यावसायिक आणि डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या एकाच व्यवहारात खरेदी केल्या होत्या आणि सुमारे ६५ कोटी रुपयांच्या त्या खरेदीची चर्चा देशभर झाली होती. त्या गाड्यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाली. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. म्हणजे एकेकाळी शहराच्या भरभराटीचे प्रतीक ठरलेल्या त्या गाड्या आता एमएच-२० क्रमांकाच्या एखाद्या जुन्या मारुती ८०० प्रमाणेच प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या रांगेतल्या झाल्या आहेत. दुसरा संबंध उद्योगाचा आहे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत १९९० साली प्लास्टिकच्या सुट्या भागांपासून सुरुवात केलेल्या व्हॅरॉक या कंपनीने २०१२ साली व्हिस्टिऑन या अमेरिकी कंपनीचा मोटारदिव्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि पुढील दहा वर्षे, म्हणजे २०२२ मध्ये युरोप-अमेरिकेतील तो व्यवसाय एका फ्रेंच कंपनीला विकेपर्यंत, परदेशी मोटारींच्या दिव्यांचा कारभार या शहराशी जोडलेला राहिला. ज्या गावाने जगाला दिवे पुरवले, त्या गावात दिव्याचा दोष अजूनही बहुतांशी बल्ब बदलूनच शोधला जावा, ही गंमतीची गोष्ट आहे.

दोष शोधण्यापूर्वी मंडल कसे असते ते समजून घेणे आवश्यक आहे. बॅटरीच्या धन टोकाकडून निघालेली वीज फ्यूज, स्विच आणि वायर यांतून दिव्यापर्यंत जाते. परतीसाठी मात्र स्वतंत्र वायर बॅटरीपर्यंत नेलेली नसते, तर दिव्याच्या जवळच गाडीच्या पत्र्याला एक आखूड वायर कसलेली असते आणि तेथून गाडीचा सांगाडाच परतीच्या वायरचे काम करतो. या सांगाड्याच्या जोडणीला ‘अर्थ’ म्हणतात, जरी रबरी चाकांमुळे तिचा जमिनीशी काही संबंध नसतो. १९६० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत सांगाड्याला ऋण टोकाऐवजी धन टोक जोडलेले असे, त्यामुळे संग्रहातील एखादी जुनी गाडी हाताळताना बॅटरीची जोडणी आधी पाहून घेणे शहाणपणाचे ठरते.

विजेचा दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये आणि मार्गातील अडथळा, म्हणजे रोध, ओहममध्ये मोजतात. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज निर्माण करणारे यंत्र, तो १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत नेते. ५५ वॅटच्या बल्बातून साधारण साडेचार ते पाच अँपिअर प्रवाह वाहतो आणि तापलेल्या तंतूचा रोध जेमतेम अडीच ओहमच्या आसपास असतो. हा आकडा इतका लहान असल्यामुळेच वाटेतला क्षुल्लक अडथळाही महागात पडतो: होल्डरमधील गंजाने केवळ ०.३ ओहमची भर घातली, तरी साडेतेरापैकी सुमारे दीड व्होल्ट त्या गंजातच खर्ची पडतात. दाब अकरा टक्क्यांनी घटला तर प्रकाशही तेवढाच घटेल अशी सामान्य समजूत असते; परंतु तापलेल्या तंतूचा प्रकाश दाबाच्या मानाने फार झपाट्याने उतरत असल्यामुळे एवढ्या घटीत जवळजवळ एकतृतीयांश उजेड नाहीसा होतो. हॅलोजन बल्ब पांढरा न दिसता पिवळसर, मलूल दिसतो तो याच कारणाने, आणि अशा गाडीत नवा बल्ब बसवला तर तोही तितकाच पिवळा पेटतो.

वायरमनच्या हातात बहुधा टेस्ट लॅम्प असतो. एका लहान बल्बाला दोन वायरी जोडलेले हे साधन वीज येथवर पोहोचते की नाही एवढे सांगते. पूर्ण तुटलेली वायर किंवा उडालेला फ्यूज शोधण्यास ते पुरेसे असते. मंद दिव्याच्या बाबतीत मात्र ते फसवते. संभाजीनगरात उन्हाळ्यात तोट्या बंद असताना नळाच्या पाइपात दाब असल्यासारखे वाटते आणि तोटी सोडताच धार करंगळीएवढी होते, तसेच गंजलेल्या जोडाचे असते: दिवा बंद किंवा कपलर सुटा असताना मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो, आणि खरा प्रवाह वाहू लागल्यावरच दाब कोसळतो. म्हणून दोष नेहमी दिवा चालू ठेवून, म्हणजे भाराखाली, मोजला पाहिजे. रोध मोजण्याच्या खुणेवर मीटर ठेवून वायर ‘वाजते’ का पाहण्याची पद्धतही येथे अपुरी आहे, कारण अनेक पदरांच्या वायरचा एकच पदर शिल्लक असला तरी मीटर वाजतो, आणि त्या एका पदरातून पाच अँपिअर जाऊ शकत नाहीत.

या मोजणीची रीत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीचा पुढचा उजवा दिवा मंद आहे असे समजावे. इंजिन चालू करून दिवे लावावेत, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीच्या खुणेवर ठेवावा आणि प्रथम बॅटरीच्या दोन टोकांवर टेकवावा, तेथे १३.८ व्होल्ट मिळाले. नंतर कपलर न काढता त्याच्या मागील बाजूने टोके आत सरकवून बल्बाच्या दोन पिनांवर दाब मोजला, तो ११.९ निघाला. म्हणजे १.९ व्होल्ट वाटेत गेले. आता ते जाताना गेले की येताना, हे ठरवायचे. मीटरचे तांबडे टोक बॅटरीच्या धन टोकावर आणि काळे बल्बाच्या धन पिनेवर ठेवले तर मीटर त्या दोहोंमधील गळती थेट दाखवतो, ती १.२ आली, पुढे तांबडे टोक बल्बाच्या अर्थच्या पिनेवर आणि काळे बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवले तेव्हा ०.७ आली. बेरीज जुळली, याचा अर्थ दोन्ही बाजू दोषी आहेत. धन बाजूची एकूण गळती साधारण अर्ध्या व्होल्टपेक्षा आणि अर्थच्या बाजूची एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त असू नये. आता धन बाजूचे एक टोक जागीच ठेवून दुसरे फ्यूजच्या अलीकडे, पलीकडे, स्विचच्या अलीकडे, पलीकडे असे सरकवत नेले, तर ज्या जोडावर आकडा एकदम उडी घेतो तोच गुन्हेगार. त्या जोडाला बोट लावल्यास तो बहुधा गरमही लागतो, कारण हरवलेले व्होल्ट उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडत असतात.

पद्मिनीचे नाव येथे सहज घेतलेले नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी महाराष्ट्रात अनेकांची पहिली मोटार होती, आणि तिच्या वळणाच्या जुन्या गाड्यांमधील चिनी मातीच्या फ्यूजची व्यवस्था अशा दोषांचे उत्तम आगर आहे. या फ्यूजची दोन्ही टोके निमुळती असतात आणि ती पितळी पट्ट्यांच्या कमानीत केवळ दाबाने धरलेली असतात. पट्टीचा ताण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने गेला आणि टोकांवर हिरवट थर चढला की फ्यूज न उडताच दिवा विझतो, फ्यूज बोटाने फिरवला की पुन्हा लागतो आणि पहिल्या खड्ड्यात परत जातो. फ्यूज फिरवल्याने दिवा लागला, याचा अर्थ दुरुस्ती झाली असा नसून दोष सापडला असा असतो. पट्ट्या झिरो नंबर पॉलिश पेपरने घासून, किंचित आत वाकवून आणि नवा फ्यूज बसवूनच हे काम पुरे होते. त्यानंतरच्या गाड्यांत पात्याचे प्लास्टिक फ्यूज आले. त्यांचा तांबडा रंग १० अँपिअर, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० अँपिअर दर्शवतो. फ्यूज वारंवार उडत असेल तर कोठेतरी वायर सोलून पत्र्याला टेकत आहे असे समजावे. अशा वेळी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याचा जो तोडगा रस्त्याकडेला केला जातो, तो गाडी पेटण्याचा राजमार्ग आहे, कारण मग फ्यूजऐवजी वायरच वितळते.

अर्थचा दोष हा या विषयातील सर्वांत फसवा आणि म्हणूनच सर्वांत मनोरंजक भाग होय. ब्रेक दाबला की ब्रेकचा दिवा फिका पेटतो आणि शेजारचा इंडिकेटरही मिणमिणतो, उजवा इंडिकेटर लावला की मागचे पार्किंगचे दिवे त्याच्या तालावर उघडझाप करतात, अशी लक्षणे पाहून मालक चक्रावतो आणि सगळे वायरिंग बदलण्याचा सल्ला मिळवतो. घडते ते असे. मागच्या दिव्याच्या एका घरात ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटर यांना मिळून एकच अर्थ असतो. तो सुटला की ब्रेकच्या २१ वॅटच्या तंतूतून आलेल्या विजेला सांगाड्याकडे जाता येत नाही, तेव्हा ती त्याच घरातील पार्किंगच्या ५ वॅटच्या तंतूतून उलट्या दिशेने शिरते, पार्किंगच्या वायरने गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाते आणि तेथील दिव्यातून, तसेच क्रमांकपट्टीच्या दिव्यातून अर्थ गाठते. मार्गातील सर्व तंतू एकामागोमाग जोडले गेल्यामुळे कोणताच धड पेटत नाही. न दाबलेल्या बटणाचा दिवा पेटू लागला की आधी अर्थच पाहावा, हा नियम त्यामुळे जवळजवळ बिनचूक आहे. खात्रीसाठी एक लांब वायर घ्यावी, तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे दिव्याच्या अर्थच्या पिनेला लावावे. सर्व दिवे लगेच ताळ्यावर आले तर निदान संपले. मग बोल्ट काढून वायरचे टोक आणि पत्रा दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासावे, रंगावर बोल्ट कसू नये, आणि वरून थोडे ग्रीस लावावे. रंगकाम किंवा डेंटिंग झाल्यानंतर लगेच दिवे बिघडतात, तेव्हा अर्थच्या जागेवर चढलेला नवा रंगच बहुतेकदा कारणीभूत असतो.

हा दोष केवळ साध्या गाड्यांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. २०१४ साली मर्सिडीज-बेंझने अमेरिकेत २००८ ते २०११ या मॉडेलवर्षांच्या सुमारे अडीच लाख सी-क्लास गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण मागच्या दिव्यांच्या कनेक्टरमधील जोड गंजून त्यांचा रोध वाढत होता आणि दिवे मंद होण्याचा वा विझण्याचा धोका होता. गाड्यांची ती पिढी नेमकी संभाजीनगरातील २०१० च्या खरेदीच्या काळातली आहे. अशा गाडीत दिव्यांवर संगणकीय नियंत्रण असते आणि बल्ब गेल्याचा इशारा डॅशबोर्डवर येतो. तो इशारा नवा बल्ब घालूनही जात नसेल तर काळवंडलेली, वितळलेली पिन आहे का ते होल्डर काढून पाहणे हे हजारोंचे मोड्यूल बदलण्यापूर्वीचे पहिले काम आहे.

स्विच आणि रिले यांचा प्रश्न मुख्यतः पुढच्या दिव्यांपुरता आहे. जुन्या गाड्यांत, उदाहरणार्थ पायाने दाबायचा डिपर असलेल्या ॲम्बेसेडरमध्ये, पुढच्या दोन्ही दिव्यांचा आठ-दहा अँपिअर प्रवाह थेट स्विचमधूनच जात असे. दर वेळी पडणाऱ्या बारीक ठिणगीने त्याची आतील टोके काजळत आणि दिव्याचा जोर तेथेच संपे. यावर रिले हा उत्तम उपाय आहे. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच: हाताजवळच्या स्विचमधून केवळ चुंबक जागा करण्यापुरता नाममात्र प्रवाह जातो आणि दिव्याचा खरा प्रवाह बॅटरीपासून रिलेमार्गे आखूड, जाड वायरने जातो. रिलेच्या पायांवर कोरलेले आकडे जर्मन प्रमाणानुसार असतात. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी वीज, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारी, आणि ८५ व ८६ ही चुंबकाची दोन टोके. फक्त ३० क्रमांकाच्या वायरवर बॅटरीलगत फ्यूज घातलेला असलाच पाहिजे. काही जपानी वळणाच्या गाड्यांत मात्र स्विच धन बाजूला नसून अर्थच्या बाजूला असतो, म्हणजे बल्बाला वीज आधीच पोहोचलेली असते आणि स्विच तिला परतीची वाट देतो. हे ठाऊक नसलेला कारागीर दिवा बंद असतानाही पिनेवर बारा व्होल्ट पाहून नसलेल्या शॉर्टचा शोध घेत बसतो.

इंडिकेटरचे गणित सोपे आहे. त्याचा फ्लॅशर एका बाजूच्या सर्व बल्बांच्या एकूण प्रवाहावर बेतलेला असतो, म्हणून एक बल्ब गेला, कमी वॅटचा घातला किंवा एलईडी बसवला की टिकटिकीचा वेग बदलतो. सर्व दिवे एकदमच मंद असतील आणि इंजिनाचा वेग वाढवताच उजळत असतील, तर दोष दिव्यांकडे न शोधता पट्टा, अल्टरनेटर आणि बॅटरीची टोके तपासावीत. डायनॅमो असलेल्या फार जुन्या गाड्यांत कमी वेगाला दिवे मंदावणे हा मात्र स्वभावच समजला जातो.

मराठवाड्याचे हवामान या सगळ्याला हातभार लावते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बॉनेटखाली वायरींचे आवरण कडक होऊन तडकते, काळ्या मातीची बारीक धूळ कपलरमध्ये बसते, आणि जूनच्या पहिल्या पावसात तीच धूळ ओल धरून पितळेवर गंज चढवते. म्हणूनच दिव्यांच्या तक्रारी जून-जुलैत वाढाव्यात हे स्वाभाविक आहे. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, त्याकडेही पाहिले पाहिजे. कुरतडलेली वायर पिळा मारून टेपने गुंडाळण्यापेक्षा झाळून वा दाबाच्या नळीने जोडून तिच्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवणे योग्य, कारण टेपचा डिंक उन्हात वितळतो आणि पिळा सैल पडतो.

उजेड कमी वाटतो म्हणून १०० वॅटचे बल्ब किंवा झगझगीत एलईडी बसवण्याची रीत मात्र निषेधार्ह आहे. शंभर वॅटच्या दोन बल्बांना सुमारे सतरा अँपिअर लागतात, आणि जे जुने जोड दहा अँपिअरही धड पेलत नव्हते ते त्या भाराने वितळू लागतात. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडीचा प्रकाशबिंदू नेमक्या जागी न पडल्यास किरण विस्कटतात. चालकाला रस्ता उजळल्यासारखा वाटतो, पण कन्नडजवळच्या औट्रम घाटात वळणावर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. आठ मीटर अंतरावर उभ्या असलेल्या आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिव्याने दिपवता कामा नये, अशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. जोड स्वच्छ करून रिले बसवल्यानंतरही मूळ ६०/५५ वॅटचा बल्ब अपुरा वाटला, तर परावर्तकाचा चंदेरी मुलामा उडाला आहे का, काच पिवळी पडली आहे का आणि दिव्याचा झोत खाली-वर सरकला आहे का, हे पाहावे. नवा हॅलोजन बल्ब बसवताना त्याच्या काचेला बोट लागू देऊ नये. बोटाचे तेल तापलेल्या काचेवर जळून ती तडकते.

गाडी वायरमनकडे सोपवताना मालकाने ‘बल्ब बदला’ असे न सांगता ‘दिवे लावून बल्बावर किती व्होल्ट मिळतात ते मोजून दाखवा’ असे सांगावे, आणि काम झाल्यावर तोच आकडा पुन्हा पाहून मगच पैसे द्यावेत. फेरनोंदणीसाठी गाडी परिवहन कार्यालयात नेणार असाल, तर आदल्या संध्याकाळी कोणाला तरी मागे उभे करून ब्रेक, पार्किंग, दोन्ही इंडिकेटर आणि रिव्हर्सचा दिवा एकेक करून तपासा; क्रमांकपट्टीवरचा लहान दिवाही त्यात विसरू नका, कारण रात्री पंधरा मीटरवरून क्रमांक वाचता यावा इतका उजेड पट्टीवर असणे नियमानुसार बंधनकारक आहे.